पंचविसाव्या मागाचा धनी

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका मालकांचा चादरीचा कारखाना होता. चोवीस यंत्रमाग, सगळे जेकार्डचे. वडिलांनी पूर्व भागातल्या राहत्या घरात दोन हातमागांवर सुरुवात केली होती. मुलानं पुढं शेड बांधली, माग वाढवले, पण वडिलांची एक सवय मोडू दिली नाही. शेडच्या दाराशी एक काळी पाटी असे. तिच्यावर एक ते चोवीस आकडे आणि प्रत्येक आकड्यापुढं खडूनं लिहिलेली दोन नावं: माग चालवणाऱ्या विणकराचं आणि दुरुस्ती बघणाऱ्या जॉबरचं. शेजारी तेल घालायचा वार. मालक रोज सकाळी ही पाटी वरून खाली वाचायचे आणि मगच केबिनमध्ये जायचे. त्यांचा नियम साधा होता. ज्या मागापुढं नाव नाही तो माग चालू करायचा नाही, मग ऑर्डर कितीही मोठी असो.

जुने जॉबर मामा तर मागाकडं न बघता माग ओळखायचे. चोवीस मागांचा खटखटाट चालू असताना ते दारात उभे राहायचे, मान थोडी तिरकी करायचे आणि म्हणायचे, "अकरा नंबरचा पिकर गेला बघा." जाऊन पाहावं तर धोट्याला टोला देणारा तो पिकर खरंच फाटायला आलेला असायचा. चाळीस वर्षं कानानं काम केलेला माणूस.

मालकांना आपल्या मालाचा अभिमान होता, आणि तो पोकळ नव्हता. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडं विणलेला हलका माल सोलापूरच्या नावानं खपवला गेला, तर पहिल्याच धुण्यात रंग सुटतो आणि शिव्या सोलापूरला बसतात. मालक म्हणायचे, "आपलं नाव लावून दुसऱ्यानं काही विकलं तर आपलं काय जातं, असं म्हणेल तो विणकर नव्हे."

आता त्या केबिनकडं वळतो, कारण गोष्ट तिथली आहे.

केबिनमध्ये दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, लोखंडी कपाट आणि कपाटावर सिद्धरामेश्वरांची तसबीर. तसबिरीच्या मागं एक काळा डबा होता. त्याला दोन शिंगं आणि पुढं हिरव्या दिव्यांची ओळ. सगळे त्याला वायफायचा डबा म्हणायचे. सात वर्षांपूर्वी नेट जोडायला आलेल्या एका पोरानं तो तिथं ठेवला होता. पोरगा कामसू होता. जाताना त्यानं एक सोय करून ठेवली: काही बिघाड झाला तर एमआयडीसीत यावं लागू नये, घरबसल्या डब्यात शिरता यावं, म्हणून बाहेरून आत येण्याचं एक दार त्यानं उघडं ठेवलं. डब्यात शिरायचं नाव आणि पासवर्ड डबा बनवणाऱ्या कंपनीकडून आले होते तसेच राहिले. पुढं तो पोरगा सोलापूरच्या कितीतरी पोरांसारखा नोकरीसाठी पुण्याला गेला. दार उघडंच राहिलं.

त्या डब्यावर मागांचं तूस बसत गेलं. लाईट गेली की सगळे माग थांबायचे, डबा मात्र इन्व्हर्टरवर चालू राहायचा. बिलं जायची, मुंबईच्या व्यापाऱ्याचे मेल यायचे, बँकेचं काम व्हायचं. सात वर्षांत त्यानं एकदाही कुरकुर केली नाही, म्हणून सात वर्षांत त्याच्याकडं कुणी एकदाही पाहिलं नाही. पाटीवर चोवीस आकडे होते. पंचविसावा नव्हता.

एके दिवशी सायबर पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं.

दुसऱ्या राज्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या बँक खात्यातून आयुष्यभराची पुंजी गेली होती. रात्री दोनच्या सुमारास कुणीतरी तिच्या खात्यात शिरलं होतं. ज्या इंटरनेट पत्त्यावरून ते शिरलं तो पत्ता तपासत पोलीस आले ते थेट या कारखान्यापाशी. मालकांनी कागद तीनदा वाचला. पत्ता त्यांचाच होता, बिलही त्यांच्याच नावावर.

"आमच्याकडं रात्री केबिनला कुलूप असतंय," मालक म्हणाले.

"किल्ली कुणाकडं असते?"

किल्ल्या दोन. एक मालकांकडं, दुसरी हिशेब बघणाऱ्या मुलाकडं.

तो मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा. आई विड्या वळायची. तिच्या विड्यांवर तो बीकॉम झाला होता आणि चार वर्षांत कारखान्याचा एक रुपया त्यानं इकडचा तिकडं होऊ दिला नव्हता. मालक त्याला चोर म्हणाले नाहीत. ते फक्त इतकंच म्हणाले, "थोडे दिवस घरीच थांब. सगळं मिटलं की बोलावतो." आणि किल्ली मागून घेतली.

पाटीचा नियम ज्यानं आयुष्यभर पाळला त्या माणसाकडून हे झालं, याचं मला वाईट वाटतं. पण यात नवल नाही. जी वस्तू कुणाच्याच जिम्म्याला नसते तिच्यात खोट निघाली की आपण आधी माणसाकडं बोट दाखवतो, कारण माणूस समोर दिसतो.

दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी तपास अधिकारी मॅडम स्वतः कारखान्यात आल्या. बरोबर लॅपटॉप घेतलेला एक तरुण होता. त्यांनी विचारलं, "तुमचा राउटर कुठंय?" मालकांना क्षणभर कळेना. मग त्यांनी तसबिरीकडं हात केला. मामांनी स्टूल आणलं, तसबीर हळूच बाजूला घेतली आणि डबा खाली उतरवला. त्याच्या पाठीवर तुसाचा बोटभर थर होता.

तरुणानं लॅपटॉपची वायर डब्याला जोडली. पडद्यावर दोन रिकाम्या चौकटी आल्या. त्यानं वरच्या चौकटीत एक शब्द टाकला, खालच्या चौकटीत तोच शब्द पुन्हा टाकला. डबा उघडला. केबिनच्या कुलपाला किल्ली लावायलासुद्धा याहून जास्त वेळ लागायचा.

मग मॅडमनी एक करून दाखवलं. कॉम्प्युटरच्या, प्रिंटरच्या सगळ्या वायरी काढायला लावल्या. वायफाय बंद केलं. डब्याला आता बाहेरून येणारी नेटची वायर आणि तो लॅपटॉप एवढंच उरलं. कारखान्यातलं काहीच चालू नव्हतं, तरी बाहेर जाणाऱ्या माहितीचा आकडा पडद्यावर वाढतच होता. शेडमधले चोवीसच्या चोवीस माग बंद असावेत आणि तरी कापड विणल्याचा आवाज यावा, तसं ते होतं. मामांनी मान तिरकी केली. डब्यातून कसलाही आवाज येत नव्हता.

"ह्यात कोण राहतंय?" त्यांनी विचारलं.

"भाडेकरू," मॅडम म्हणाल्या. "पण भाडं तुम्हाला मिळत नाही. असे डबे हेरून त्यांची यादी विकणारे लोक आहेत. लांब कुठंतरी बसलेला ठग पैसे भरतो आणि तुमच्या डब्यातून वाट काढून शिक्षिकाबाईंच्या खात्यात शिरतो. मागं वळून पाहिलं की पावलं सोलापूरला संपतात. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेनं अशी दोन दुकानं बंद केली. जुन्या राउटरांत घुसून त्यांतली वाट ती वर्षानुवर्षं भाड्यानं देत होती."

मालक म्हणाले, "पण मॅडम, आमच्याकडं काय आहे चोरायला? चादरी?"

"त्यांना तुमची चादर नको, तुमचं दार पाहिजे."

मग त्यांनी २०१६ ची गोष्ट सांगितली. मिराई नावाचा एक प्रोग्राम तेव्हा इंटरनेटवर फिरत होता. त्याच्याकडं साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या. सगळ्या कारखान्यातून जशा येतात तशाच, कुणी न बदललेल्या. तो दार दिसेल तिथं हा किल्ल्यांचा जुडगा लावून बघायचा. कॅमेरे, राउटर, जे उघडेल ते आपलंसं करायचा. अशी लाखो उपकरणं त्यानं गोळा केली. २१ ऑक्टोबरला त्यांतल्या कितीतरींनी मिळून एका कंपनीवर एकदम हल्ला चढवला, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठमोठ्या जागा अनेकांसाठी कित्येक तास बंद पडल्या. ज्यांचे ते कॅमेरे होते त्यांतल्या बहुतेकांना आपण या हल्ल्यात होतो याचा पत्ताही लागला नसेल. पुढच्याच वर्षी, जुलै २०१७ मध्ये, आपल्याकडं बीएसएनएलचे हजारो मोडेम असेच एका घुसखोर प्रोग्रामला बळी पडले. ज्यांचा पासवर्ड मुळातला तसाच होता त्यांना त्याची झळ लागली, आणि कंपनीला ग्राहकांना सांगावं लागलं की तो बदला.

"बरं, पासवर्ड बदलतो," मालक म्हणाले. "एवढ्यानं भागेल?"

मॅडमनी तरुणाकडं पाहिलं. त्यानं डब्याचा मॉडेल नंबर वाचला आणि मान हलवली.

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण हे कळलं नाही तर सगळं व्यर्थ आहे. जेकार्डचे पुठ्ठे सोलापुरात कुणाला माहीत नाहीत? चादरीवर मोर उठायचा असेल तर कुठला ताणा वर जायचा, कुठला खाली राहायचा, ते पुठ्ठ्यातली भोकं ठरवतात. मागाला स्वतःची अक्कल नसते, पुठ्ठा सांगेल तसं तो विणतो. राउटरच्या आतही असंच एक लिहून ठेवलेलं सॉफ्टवेअर असतं, त्याला फर्मवेअर म्हणतात. कुठून आलेली माहिती कुठं न्यायची, कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारातून परत पाठवायचं, ते त्यात लिहिलेलं असतं. पुठ्ठ्यात एक भोक चुकलं तर त्या पुठ्ठ्यावरच्या प्रत्येक चादरीत मोराची तीच चोच तुटते. फर्मवेअरचंही तसंच. एका डब्यात चूक सापडली म्हणजे त्या मॉडेलच्या जगातल्या सगळ्या डब्यांत ती आहे. चोराला एकदाच शोधावी लागते. मग पासवर्ड कितीही चांगला असो, तो बाजूच्या भोकातून आत जातो.

चूक कळली की चांगली कंपनी दुरुस्त पुठ्ठा पाठवते. पण तो मागावर चढवायचा कुणी? कारखान्यातल्या कुणीतरीच. मालकांच्या डब्यासाठी असे दुरुस्त पुठ्ठे सात वर्षांत किती आले आणि न चढवता गेले, कोण जाणे. पुढं एक दिवस कंपनी जाहीर करते की हे मॉडेल जुनं झालं, आता काही पाठवणार नाही. सिस्कोसारख्या मोठ्या कंपनीनंही २०२२ च्या जूनमध्ये छोट्या धंद्यांसाठीच्या आपल्या काही जुन्या राउटरांबद्दल तसंच सांगितलं: गंभीर चूक सापडली आहे, पण दुरुस्ती येणार नाही, नवीन घ्या. डबा त्या दिवशी बंद पडत नाही. दिवे तसेच लुकलुकतात. त्याची राखण तेवढी संपलेली असते.

"म्हणजे हा टाकायचा?" मालकांचा जीव होईना. "अहो, चांगला चालतोय की!"

मामा इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "चालतोय खरं मालक, पण कुणासाठी चालतोय?"

केबिनमध्ये कुणी बोललं नाही. मामा पुढं झाले आणि काचेतून दिसणाऱ्या काळ्या पाटीकडं त्यांनी बोट दाखवलं.

"चोवीस मागांना जॉबर हाय. ह्या डब्याचा जॉबर कोण? तुम्हीच म्हणता न्हवं, नाव न्हाई तो माग चालवायचा न्हाई? हा पंचविसावा माग सात वर्षं बिननावाचा चालला. आपण धनी ठेवला न्हाई, म्हणून त्यानं दुसरा धनी केला. डब्याचं काय चुकलं?"

मालक खुर्चीत बसले. त्यांना आपलंच बोलणं आठवलं: आपलं नाव लावून दुसऱ्यानं काही विकलं तर आपलं काय जातं, असं म्हणेल तो विणकर नव्हे. चादरीच्या नावासाठी ते इतकी वर्षं भांडले, आणि त्यांच्या पत्त्याच्या नावावर एका म्हाताऱ्या बाईची पुंजी गेली. चोवीस माग रोज हात लावून तपासणाऱ्या माणसाला वीतभर डबा दिसला नाही. त्या क्षणी त्यांना पोलिसांच्या कागदापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची लाज वाटली. ते उठले, खुंटीवरची पिशवी घेतली आणि म्हणाले, "मामा, चला. आधी कुंभारीला जाऊ."

कुंभारीच्या विडी घरकुलात त्या मुलाचं घर होतं. आई उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन बसली होती. तेंदूपत्ता कातरून, तंबाखू भरून, दोऱ्यानं बांधून एकेक विडी सुपात पडत होती. मालकांना पाहून तिचे हात थांबले नाहीत.

"बसा," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तुम्ही माझ्या लेकाला चोर म्हणाला न्हाईत, मालक. पण 'ये' बी म्हणाला न्हाईत. अकरा दिवस पोरगं भिंतीकडं तोंड करून बसलंय. शेजारी विचारत्यात, कामाला का जाईना. मी काय सांगू?"

"चूक माझी आहे, अक्का," मालक म्हणाले. "दार मी उघडं ठेवलं आणि संशय तुमच्या मुलावर घेतला. मी त्याला न्यायला आलोय. आणि तुमच्या शेजाऱ्यांनाही मीच सांगून जातो."

त्यांनी खरंच सांगितलं. चार दारांत उभं राहून, हात जोडून सांगितलं. मोठ्या माणसाला हे जड जातं. मालकांनाही गेलं असणार, पण गोष्टीत मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. डबा बदलायला दोन-चार हजार रुपये लागतात. अकरा दिवस कशानंही भरून निघत नाहीत.

दुसऱ्या दिवशी नवा राउटर आला. मुलानं तो मालकांच्या समोर जोडला आणि काय करतोय ते मामांना समजावून सांगत गेला. आधी मुळातला पासवर्ड बदलला: एकमेकांशी काही नातं नसलेले चार शब्द, लक्षात राहतील असे, पण कुणाला सुचणार नाहीत असे. मालक तो खडूनं पाटीवर लिहायला निघाले तेव्हा त्यानं घाईनं त्यांचा हात धरला. कागदावर लिहून पाकिटात घातला आणि पाकीट तिजोरीत ठेवलं. मग बाहेरून आत येण्याचं दार बंद केलं. दुरुस्ती आली की आपोआप चढेल अशी सोय चालू केली. व्यापारी, ट्रकवाले, सुताचे दलाल येतात, त्यांच्यासाठी वेगळं वायफाय केलं, म्हणजे त्यांच्या फोनमधली घाण हिशेबाच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचणार नाही. जुना डबा मॅडमनी तपासासाठी नेला होता. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, तिथून कॉम्प्युटर तपासायचं साधन फुकट मिळतं. तेही त्यानं दोन्ही कॉम्प्युटरवर चालवून घेतलं. पैसे गेले तर लगेच फिरवायचा १९३० हा नंबर त्यानं मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवला. तो लपवायचा नसतो.

नवा डबा तसबिरीमागं ठेवला नाही. केबिनच्या दाराशी, डोळ्यांच्या उंचीला एक फळी ठोकली आणि तिच्यावर ठेवला.

मग मालक खडू घेऊन पाटीपाशी गेले. चोवीसच्या खाली त्यांनी पंचवीस लिहिलं. शेड बघायला थांबली. माग चालूच होते, पण माना वळल्या. चालवणाऱ्याच्या जागी त्यांनी मुलाचं नाव लिहिलं. जॉबरच्या जागी थोडं थांबले आणि तिथं स्वतःचं नाव लिहिलं.

"तेलाचा वार?" मामांनी विचारलं.

"महिन्याची एक तारीख," मुलगा म्हणाला. "त्या दिवशी उघडून बघायचं. नवी दुरुस्ती चढली का, अनोळखी कुणी जोडलंय का, कंपनीनं ह्या मॉडेलला सोडलं तर नाही ना."

मालकांनी ते लिहून घेतलं. आणि दर एक तारखेला पाटी वाचून झाली की ते चष्मा लावून त्या मुलाशेजारी बसू लागले. पहिले दोन महिने त्यांना काही कळलं नाही. तिसऱ्या महिन्यात जोडलेल्या उपकरणांच्या यादीवर बोट ठेवून ते म्हणाले, "हा कुणाचा फोन?" तो नव्या वॉचमनचा निघाला. मुलानं त्याला हिशेबाच्या वायफायवरून काढून पाहुण्यांच्या वायफायवर जोडून दिलं.

एका संध्याकाळी शेजारच्या टॉवेलच्या कारखान्याचे मालक चहाला आले. पाटीवरचा पंचविसावा आकडा बघून त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना सगळी हकीकत सांगितली गेली. त्यांनी ऐकली, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तुमचं मोठं काम, बाबा. आमच्याकडं काय आहे चोरायला? टॉवेल?"

मालकांनी वाद घातला नाही. त्यांनी मामांना हाक मारली, मामांनी स्टूल उचललं आणि तिघं भिंतीपलीकडच्या केबिनमध्ये गेले. तिथंही लोखंडी कपाट होतं. कपाटावर, जुन्या बिलबुकांच्या गठ्ठ्यामागं, हिरवे दिवे लुकलुकत होते. मामा वर चढले. डबा खाली आला. मालकांनी तो उलटा केला आणि अंगठ्यानं तूस पुसलं. खाली पिवळं पडलेलं एक लेबल दिसू लागलं, त्यावर बारीक अक्षरांत दोन ओळी.

"वाचा," ते म्हणाले.

शेजाऱ्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. वरच्या ओळीत जो शब्द होता, तोच खालच्या ओळीत होता.